मांडव्याच्या लाँचवर कुरव मोजताना

मने, गेटवेहून मांडव्याला जाता-येता पाखरांची मोजदाद करणार म्हणतेस, तर जरा मामाचं ऐकून जा. तू शहाणी आहेसच, पण समुद्रावर शहाण्यालाही वही लागते.

१. सकाळी जाताना उजवीकडचा बाक धर, संध्याकाळी परततानाही उजवीकडचाच – दोन्ही वेळा ऊन पाठीशी राहतं. उन्हासमोर सगळे कावळेच.

२. चार पैसे जास्त पडले तरी वरच्या डेकवर बस – खालून पाखरांपेक्षा माणसांची डोकीच जास्त दिसतात.

३. दुर्बीण आठ पटीची पुरे, आणि कोपर कठड्यावर टेकू नकोस – इंजिनाची थरथर थेट डोळ्यांत उतरते.

४. लाँचच्या नाकापासून तुझ्या उजव्या हातापर्यंतचा पाव गोल, तोही तीनशे मीटरपर्यंतचाच, तुझा. डावीकडून कुणी "डॉल्फिन!" ओरडलं तर धावत जाऊन बघ खुशाल, पण नोंद वेगळ्या रकान्यात कर – रोजचा पट्टा तोच राहिला तरच आजचा आकडा उद्याच्या आकड्याशेजारी बसवता येतो.

५. लाँचमागे लागलेले कुरव मुख्य आकड्यात धरू नकोस – ते गाठ्यांसाठी आलेले असतात आणि तेच पाखरू दहादा मोजलं जातं. पुडीमागे धावणाऱ्याची शिरगणती करू नये. गाठे टाकणाऱ्या काकांशी वाद नको. त्यांच्या पोराच्या हाती घटकाभर दुर्बीण दे, पुडी आपोआप मिटते.

६. पाण्यावर बसलेली पाखरं सलग मोज. उडणारी मात्र ठरल्या वेळी एकदाच नजर टाकून, त्या क्षणी पट्ट्यात असतील तेवढीच – ती लाँचपेक्षा वेगानं येत-जात असतात, सतत मोजलीस तर आकडा फुगतो.

७. तपकिरी डोक्याचा कुरव आपल्याकडे हिवाळ्यात येतो तो पांढरं डोकं घेऊन, त्यामुळे नावावर जाऊ नकोस. काळ्या डोक्याच्या कुरवाचंही तेच. दोघांच्या कानामागे फक्त एक काळसर डाग उरतो. पंखाचं टोक बघ – काळ्या टोकात पांढरे ठिपके आणि डोळा फिका असेल तर तपकिरीवाला. पंखाची पुढची कड पांढरी आणि डोळा गडद असेल तर दुसरा. कोवळ्या पाखरांत हे ठिपके नसतात, तेव्हा शंका आली की नुसतं "कुरव" लिही. मार्चमध्ये डोकी रंगायला लागतात, आणि मग तपकिरीवाले लडाख-तिबेटकडच्या तळ्यांवर निघून जातात.

८. दर दहा मिनिटांनी वेळ, जागा आणि लाटा टिपून ठेव. जिकडेतिकडे पांढरा फेस फुटू लागला की डॉल्फिनच्या रकान्यात "समुद्र खवळलेला" असं लिही – पाठीवर उंचवटा असलेला आपला हम्पबॅक डॉल्फिन तेव्हाही एखादवेळ दिसेल, पण पाठीवर परच नसलेला पॉरपॉइज समोरून गेला तरी कळणार नाही.

९. काही दिसलं नाही तर शून्य लिही. कोरं पान मुकं, शून्य बोलकं.

१०. नौदलाच्या जहाजांवर दुर्बीण वा कॅमेरा रोखू नकोस – कुरव आणि सुरय यांतला फरक पोलिसांना समजावत बसावा लागेल.

११. उपाशी चढू नकोस, तुडुंब जेवूनही नको. आल्याची वडी खिशात असू दे.

१२. पावसाळ्यात या लाँच बंद असतात. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी, २०२० साली सुरू झालेली रो-रो धर – खुल्या समुद्रातली पाखरं वादळानं किनाऱ्याकडे ढकलली जातात ती याच दिवसांत. धक्क्यावर थकलेली मास्क्ड बूबी बसलेली दिसली तर "बिचारी, घरी जाऊ दे" म्हणून पाण्यात लोटू नकोस. अंगावर टॉवेल टाक, चोचीपासून डोळे सांभाळ, हवेशीर खोक्यात ठेव आणि वनविभागाला १९२६ वर फोन कर.