चोक बंद केला की गाडीही बंद

प्रश्न : नागावच्या किनाऱ्यावर फेऱ्या मारणारी आमची एटीव्ही पावसाळाभर शेडमध्ये उभी होती. आता चोक ओढला तरच चालते, चोक बंद केला की बंद पडते. कार्ब्युरेटर बदलावा का?

उत्तर : घाई नको. चोकवर इंजिन चालतं, म्हणजे एरवी पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. तुमच्या बाबतीत माझा संशय स्लो जेटवर. उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर राहतो आणि त्या जेटचं बारीक भोक बुजतं. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओल शोषून घेतं. पेट्रोल कॉक बंद करून फ्लोट बाऊलचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि पेट्रोल काचेच्या बाटलीत धरा. तळाशी पाणी दिसलं, तर टाकीही रिकामी करावी लागेल. मग जेट काढून कार्ब क्लीनर मारा, हवेने फुंका. तार मात्र घालू नका (गॅरेजवाले सर्रास घालतात!), भोक मोठं झालं की जेट वाया गेला. एवढं करूनही तेच रडगाणं असेल, तर कार्ब्युरेटर आणि इंजिनमधल्या रबरी जोडाला चीर गेली आहे का, ते पाहा.