घुबड आपणहून उडू दे

अगं पोरी, नवी लेन्स घेतलीस आणि पहिलाच हट्ट उडत्या घुबडाचा धरलास, मला फार आवडलं. चेन्नईतले कितीतरी हिवाळे मी नन्मंगलमच्या जुन्या दगडखाणीपाशी बसून काढलेत. त्यात जे कळलं, ते तुझ्या कानावर घालतो.

आधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव. हिवाळा हा तिथल्या शृंगी घुबडाचा विणीचा काळ. ते काड्यांचं घरटं बांधत नाही. कपारीत उघड्या जमिनीवरच अंडी घालतं आणि मादी महिनाभराहून जास्त त्यांवर बसते. फोटोसाठी तिला उठवलंस, तर अंडी उन्हात उघडी पडतात आणि कावळ्यांच्या नजरेस येतात. ही चूक माझ्या हातून एकदा झाली आहे. कपारीच्या फार जवळ गेलो, मादी उडाली, फोटो मिळाला. पंखावरची रेघ न् रेघ मोजावी असा. पण कावळ्यांचा थवा तिच्या मागे लागला आणि अंधार पडेपर्यंत ती परतली नाही. तो फोटो मी आजवर कुणाला दाखवलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्याच्या अंड्यांना वा घरट्याला उपद्रव देणं शिकारीतच धरलं आहे, आणि ते योग्यच आहे.

म्हणून उडवायचं नाही, उडण्याची वाट बघायची. घुबडाच्या पंखांचा आवाज होत नाही. कडेच्या पिसाला कंगव्यासारखे दाते असतात, ते हवा हळुवार कापतात. तेव्हा कानांच्या भरवशावर राहू नकोस, डोळा लावून बस. दिवसभर डोळे मिटून बसलेलं घुबड सूर्य कलला की अंग झाडतं, एकेक पंख ताणतं, शिटतं आणि पुढे झुकतं. झुकलं की बोट बटणावर. पण ते तुझ्याकडे टक लावून बघत असेल किंवा ते छोटं घुबड, पिंगळा, तुझ्याकडे बघून मान खालीवर करत असेल, तर दहा पावलं मागे ये.

उभं कुठे राहायचं, हे बहुतेकांना उमगत नाही. इथे चेन्नईत हिवाळ्यात वारा ईशान्येचा, आणि पक्षी वाऱ्याला तोंड देऊन झेपावतो. संध्याकाळी ऊन नैर्ऋत्येकडून येतं. ऊन पाठीशी घ्यायचं म्हणून तिकडे उभी राहिलीस, तर पक्ष्याची पाठच हाती लागेल. त्यापेक्षा वायव्येला बस. ऊन उजवीकडून येईल आणि घुबड आडवं, पूर्ण पंख पसरून समोरून जाईल.

डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. कामाचा उजेड त्यानंतर जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. शृंगी घुबडाचे पंख संथ हलतात, शटर १/८०० ला चालून जातं. पिंगळ्याला मात्र १/२००० हवंच. आयएसओ बेधडक वाढव, दाणे आले तर येऊ देत. फ्लॅश अजिबात नको, आणि मोबाइलवर घुबडाचा आवाज वाजवून बोलावणंही नको. पिंगळा उडताना खाली झुकतो आणि बसायच्या फांदीकडे वर उसळतो. किड्यांसाठी तो त्याच त्या फांदीवर परत येतो, म्हणून फोकस आधीच तिथे लावून ठेव.

एसी गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढू नकोस, लेन्सवर लगेच दव धरतं. अर्धा तास बॅगेतच राहू दे. आणि भोगीच्या पहाटे जाऊच नकोस. आपल्याकडे महाराष्ट्रात त्या दिवशी बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी, इथे दारोदार जुनं सामान जाळतात. धुकं आणि धूर एक होऊन विमानंसुद्धा खोळंबतात.

नन्मंगलमला घुबडं आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण कपार कोणती, हे जिवलग मैत्रिणीलाही सांगू नकोस. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडं पकडणारे आजही आहेत. फोटो कुणाला पाठवण्याआधी त्यातलं लोकेशन काढून टाक. वन विभागाची परवानगी घे, आणि पहिल्या तीन संध्याकाळी कॅमेरा घरी ठेवून नुसती बघत बस.