वेष्टन यंत्रांची देखभाल आणि कर्जाचा हप्ता

चंदीगड विमानतळालगत, मोहालीच्या बाजूस वसलेली एयरोसिटी ही नियोजित निवासी व व्यापारी वसाहत आहे. तेथून डेराबस्सी आणि हिमाचल प्रदेशाच्या सोलन जिल्ह्यातील बद्दी ही औद्योगिक केंद्रे फारशी दूर नाहीत. 2003 मध्ये केंद्र शासनाने हिमाचलासाठी औद्योगिक सवलती जाहीर केल्यानंतर बद्दी परिसरात औषधनिर्मितीचे कारखाने मोठ्या संख्येने उभे राहिले. त्यांचा माल अखेरीस ज्या यंत्रातून बाहेर पडतो ते वेष्टन यंत्र होय. आणि तेच बहुधा बँकेकडे नजरगहाण असते.

मिनिटाला 60 पुड्या भरणारे यंत्र चार तास बंद पडले, तर 14,400 पुड्यांचे उत्पादन बुडते. कामगारांची मजुरी व कर्जावरील व्याज मात्र चालूच राहते. प्रतिबंधक देखभालीने यंत्र कधीच थांबत नाही असे नव्हे. ते केव्हा थांबवावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार पुष्कळ अंशी उद्योजकाच्या हाती राहतो.

बंद पडलेले यंत्र निदान दिसते. न दिसणारा बिघाड अधिक महाग पडतो. गोळ्यांच्या ब्लिस्टर पाकिटात प्लॅस्टिकची पट्टी व अॅल्युमिनियमचा पत्रा उष्णतेने चिकटविले जातात. तापमान मोजणारा थर्मोकपल जुना होऊन चुकीचा आकडा दाखवू लागला, तर पाकीट वरून ठीक दिसते, परंतु जोड कच्चा राहतो. पावसाळ्यात त्यातून ओलावा शिरतो आणि संपूर्ण खेप परत येऊ शकते. औषध कारखान्यांसाठीच्या अनुसूची ‘एम’ची डिसेंबर 2023 च्या अधिसूचनेने पुनर्रचना झाली असून, उपकरणांची देखभाल व तिच्या नोंदी हा तेथे उद्योजकाच्या मर्जीचा विषय नाही.

विमा उतरविला आहे, मग देखभाल करार कशास, असा प्रश्न ग्राहक विचारतात. यंत्र बिघाड विमा हा अकस्मात घडलेल्या मोडतोडीसाठी असतो. नैसर्गिक झीज त्यातून वगळलेली असते. पट्टे, साखळ्या, साचे यांसारखे बदलावयाचे भागही सामान्यतः वगळलेले असतात. वेष्टन यंत्रात प्रथम झिजतात ते नेमके हेच भाग!

म्हणून करारपत्र काळजीपूर्वक वाचावे. केवळ मजुरीचा करार स्वस्त असतो, पण सुट्या भागांचे देयक वेगळे येते. सर्वसमावेशक करारातही हीटर, पाती, रबरी भाग वगळले आहेत काय, हे पाहणे आवश्यक असते. ‘वर्षातून चार भेटी’ एवढे लिहून भागत नाही. प्रत्येक भेटीत कोणते भाग तपासावयाचे, कोणते तापमान व वजन पडताळावयाचे, आणि तक्रार नोंदविल्यावर तंत्रज्ञ किती तासांत पोहोचेल, हे लिखित असावे. संपूर्ण रक्कम आगाऊ देण्याऐवजी ती भेटींशी जोडून हप्त्यांनी दिल्यास दुसरी बाजूही जागी राहते. अगदी साध्या यंत्रास, कारखान्यातच कुशल फिटर असल्यास, बाहेरच्या कराराची गरज नसते, हेही मान्य करावयास हवे.

मुदत कर्जाच्या करारात यंत्र सुस्थितीत ठेवण्याची अट सामान्यतः असते. स्थळपाहणीस जाणारा अधिकारी यंत्राचा क्रमांक व विम्याची पॉलिसी पाहतो. त्याच वेळी देखभालीची नोंदवही मागितली, तर मागील भेट कधी झाली, कोणता भाग बदलला आणि कोणता बदलण्याचे लांबणीवर टाकले, हे दोन पानांत समजते. पुढील तिमाहीत हप्ता थकण्याची शक्यता ताळेबंदात उशिरा दिसते. नोंदवहीत ती बरीच आधी दिसू शकते.