दवाखान्यातला हिशेबाचा वर्ग

पानशेतच्या बाजूची गावे डोंगरातली. पाऊस फार. धरणाच्या पाण्याला वळसा घालून जावे लागते. माणूस आजारी पडले की सरकारी दवाखाना आठवतो. तिथे डॉक्टरसाहेब असतात, सिस्टर असतात. केस पेपर करणारे मामा असतात. बाळंतिणीजवळ बसणाऱ्या मावशी असतात. गावोगाव फिरणाऱ्या आशाताई असतात.

ही माणसे दुसऱ्याच्या जिवाला जपतात. पण आपला पैसा कसा जपावा, हे त्यांना कोण सांगणार? पगार बँकेत जमा होतो. काढला की संपला. किती जमा झाला, किती कापला, कशापायी कापला, हे बघायचे राहून जाते. शिकलेल्यांचेही असेच होते, बरे का. सुई टोचता आली म्हणजे व्याज मोजता आले असे नाही.

म्हणून दवाखान्यातच हिशेबाचा वर्ग भरवावा. शिकवायला माणूस मिळतो. रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून बँकांनी आर्थिक साक्षरता केंद्रे काढली आहेत. तिथे शिकवायचे पैसे घेत नाहीत. पुणे जिल्ह्यात या कामी पुढारपण बँक ऑफ महाराष्ट्रकडे आहे. डॉक्टरसाहेबांनी जवळच्या शाखेत अर्ज द्यावा.

वर्गात लांब भाषण नको. प्रत्येकाने आपले पासबुक घेऊन बसावे. समजा, असा वर्ग भरला आहे. रुग्णांची गर्दी ओसरली आहे. बँकेचे साहेब विचारतात,

"मावशी, लेकीच्या लग्नाला कर्ज काढलं होतं का?"

"काढलं की. धा हजार. शेकडा पाचानं."

"महिन्याला व्याज किती?"

"पाचशे."

"मग वर्षाला?"

मावशी बोटे मोजतात. "अगं बाई, सहा हजार! आन् मुद्दल?"

"मुद्दल तसंच. दहा हजारांचे दहा हजार."

"बँकेत तर शेकडा बारा म्हणत होते. म्हणून मी गेले नाही."

इथेच माणूस फसतो. सावकाराचे शेकडा पाच हे महिन्याचे असते. बँकेचे शेकडा बारा हे वर्षाचे असते. पाच लहान दिसतात, बारा मोठे दिसतात. पण महिन्याचे पाच म्हणजे वर्षाचे साठ झाले!

आता बँकेचा हिशेब बघा. दहा हजार रुपये, दर साल शेकडा 12, फेड बारा महिन्यांत. दर महिन्याला सुमारे 889 रुपये हप्ता बसतो. वर्षात सुमारे 10,662 रुपये जातात. त्यात व्याज 662 रुपये. आणि कर्ज फिटते. मावशींचे व्याज सहा हजार गेले आणि कर्ज जागच्या जागी राहिले. प्रत्येक बँकेचा दर बाराच असेल असे नाही. तो विचारून घ्यावा. विचारताना "महिन्याचा की वर्षाचा?" हे आधी विचारावे.

सावकारी करायला सरकारचा परवाना लागतो. महाराष्ट्रात 2014 सालचा तसा कायदा आहे. परवाना नसताना कोणी व्याजाने पैसे देत असेल, तर सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते.

आशाताईंचा हिशेब निराळा. त्यांना कामागणिक मोबदला मिळतो. दवाखान्यात बाळ जन्मले की त्या त्याच्या घरी सहा वेळा जातात. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. या कामाचे एका बाळामागे 250 रुपये धरलेले आहेत. चार बाळे झाली तर हजार. पासबुकात 750 च दिसले तर? ताईंनी बाळांची नावे आणि तारखा वहीत लिहिलेल्या असल्या, तर कोणते बाळ राहिले ते दाखवता येते. वही नसली तर नुसते बोलणे होते. हक्काचा पैसाही मागताना कागद लागतो.

सह्यांचेही शिकवावे. सोबतचा मामा म्हणतो, "जरा जामीन राहा, नुसती सही तर करायची." जामीन म्हणजे साक्षीदार नव्हे. कर्ज घेणाऱ्याने फेडले नाही, तर जामिनाकडून वसूल होते. सही येऊ लागली, आता वाचूनच करावी. वाचता येत नसेल इतके बारीक छापले असेल, तर दुसऱ्याकडून वाचून घ्यावे. त्यात लाज कसली?

पैसे ठेवावेत कुठे, हाही प्रश्न आहे. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले. पुण्यात नदीकाठच्या घरांत पाणी शिरले. अशा वेळी पेटीतल्या नोटा वाहून गेल्या तर गेल्याच. पासबुक वाहून गेले तर बँक नवे देते. पण बँकही बुडू शकते. म्हणून बँकेतील ठेवीचा विमा असतो. एका बँकेत एका माणसाच्या पाच लाख रुपयांपर्यंत हे संरक्षण आहे. 2020 सालापूर्वी ते एकच लाख होते. पुण्याच्या रुपी बँकेचा परवाना 2022 साली रद्द झाला, तेव्हा याच विम्याचा ठेवीदारांना आधार होता. पतसंस्थेतील ठेवीला मात्र हा विमा नाही. व्याज एक टक्का जास्त दिसले म्हणून सगळी पुंजी तिथे ठेवू नये.

फोनवर कोणी "तुमचे खाते बंद होणार" म्हणून आकडे विचारले, तर सांगू नयेत. बँक फोनवर ते विचारत नाही. पैसे गेलेच, तर लगेच 1930 या नंबरावर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

वहीत करून पाहा :

एका मामांनी 8,000 रुपये शेकडा तीनने घेतले. चौदा महिने नुसते व्याज भरले. व्याजापोटी किती गेले? मुद्दल किती उरले?