चावी देऊ नकोस, थांब जरा

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, चावी दिली आणि लागलं की चालायला!" तुझे अहो शेजारीच होते, म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. आता सांगते. ते घड्याळ हातातून काढून ठेव आणि पुन्हा चावी देऊ नकोस.

रुसू नकोस. सासूबाईंनी लेकाला सोडून सुनेच्या हातात सासऱ्यांचं घड्याळ ठेवलं, हे काही साधं नाही. पण पंधरा वर्षं कपाटात पडलेलं मशीन टिकटिक करतंय म्हणजे ते धड आहे असं नसतं. आतलं तेल सुकून चिकट झालेलं असतं. त्यात धूळ बसली की त्याचा पॉलिश पेपर होतो आणि चाकांच्या केसाएवढ्या टोकांना घासत राहतो. तुझं हे एचएमटी जनता सेकंदाला पाच ठोके देतं, ताशी १८,०००, दिवसाला ४,३२,०००. हौसेनं आठवडाभर मिरवलंस तर किती घासलं, तूच हिशेब कर.

बाबांच्या घड्याळाचं मी काय केलं, ते तुला कधी नीट सांगितलं नाही. तू विचारलंस तेव्हा "दुरुस्तीत बदललं" म्हणून वेळ मारून नेली. तबकडी पिवळी पडली होती आणि सहाच्या आकड्याखाली चहाच्या थेंबासारखा एक डाग होता. मी ते शहरातल्या एका दुकानात दिलं. दुकानदार म्हणाला, डायल नवं करून देतो. मी हो म्हटलं. परत आलं ते पांढरंफटक. अक्षरं जाड, मिनिटांच्या रेघा वाकड्या, आणि बाबांचा डाग कुठेच नाही. आईनं हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "छान आहे, कुणाचं गं?"

त्या दिवसापासून ते माझ्या कपाटात आहे. मी घालत नाही.

आणि मी राहते कुठे, तर पेणमध्ये! गणपतीच्या कारखान्यांच्या गावात. डोळ्यांची आखणी कुणाही रंगाऱ्याला देत नाहीत, त्यासाठीचे हात वेगळे, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. भुवईची रेघ एका केसानं चुकली तरी मूर्तीचा चेहरा बदलतो. तेच घड्याळाच्या तबकडीचं. मला हे कळायला हवं होतं. पण इथे दरवर्षी सगळं नवं, कोरं, चकचकीत बघायची डोळ्यांना सवय. मूर्ती विसर्जनाची असते गं, तिला दरवर्षी नवा रंग शोभतो. घड्याळाचं कुठे विसर्जन करायचंय?

म्हणून दुरुस्तीवाल्याला पहिलं वाक्य हे सांग: तबकडी आणि काट्यांना हात लावायचा नाही. काच बदलली तर चालेल. ती प्लॅस्टिकचीच असते, बारीक चरे तर नुसत्या पॉलिशनंही जातात. बाकी पिवळेपणा, डाग, आहे तसं राहू दे. हल्ली जुन्या एचएमटीला लाल-निळे भडक रंग चढवून विकतात, त्या फोटोंना भुलू नकोस.

दुसरा प्रश्न: मशीन पूर्ण खोलणार, की वरून पेट्रोल फिरवून परत देणार? पूर्ण खोलणारा माणूस आधी स्प्रिंगचा ताण सोडतो, बॅलन्स अलगद बाजूला काढतो, एकेक चाक धुतो, दगडांची भोकं टोकदार काडीनं साफ करतो. मग सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल, तेही ठरलेल्या जागी. जास्त तेल म्हणजे जास्त सेवा नव्हे, ते पसरतं आणि पुन्हा घाण धरतं. झाल्यावर दोन-तीन दिवस ठेवून घेतो, कधी पालथं, कधी उताणं, कधी उभं, आणि मागेपुढे किती जातं ते बघतो. "तासाभरात देतो" म्हणाला तर गोड बोलून घड्याळ परत घे. दिवसाला अर्धा मिनिट फरक पडला तर कुरकुर करू नकोस, त्याच्या वयाला तेवढं माफ.

हो, आणि तबकडीवरच्या '१७ ज्वेल्स'मुळे अहोंना वाटेल की आतली माणकं कुणी काढून घेईल. ती कारखान्यात केलेली माणकं असतात, चाकाची टोकं झिजू नयेत म्हणून बसवलेली. त्यांना सराफाकडे कुणी विचारत नाही.

सुटे भाग मात्र जपून. एचएमटीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बंगळुरूला घड्याळं करायला सुरुवात केली, आणि २०१६ मध्ये सरकारनं घड्याळांची ती कंपनी बंद करायला मंजुरी दिली. आता एखादा भाग लागला तर दुसऱ्या मेलेल्या जनतातूनच काढावा लागतो. तेव्हा जुना काढलेला प्रत्येक भाग कागदाच्या पुडीत परत माग. लाज वाटू देऊ नकोस.

पावसाळ्याचं तर तुला सांगायला नको. रोह्याची हवा आणि कुंडलिकेचा ओलावा! काचेला आतून वाफ दिसली तर त्याच दिवशी दुरुस्तीवाला गाठ, उद्यावर ढकललंस तर गंज. कपडे धुताना, पावसात बाहेर पडताना काढून ठेव. डबा कोरडा हवा, आत औषधाच्या बाटलीतली ओल शोषणारी पुडी टाक. डांबराच्या गोळ्या नकोत. आणि फोनच्या किंवा स्पीकरच्या अंगाला ठेवू नकोस. आतली केसासारखी स्प्रिंग चुंबकानं चिकटली की घड्याळ वेड्यासारखं पुढे पळतं. घाबरायचं मात्र कारण नाही, ते मिनिटभरात उतरवता येतं.

शनिवारी मेमूनं इकडे ये. घड्याळ मऊ सुती रुमालात गुंडाळ, पर्सच्या तळाशी किल्ल्यांबरोबर टाकू नकोस. माझ्या माहितीतला एक म्हातारा घड्याळवाला आहे, बोलतो कमी, डोळ्याला भिंग लावून ऐकतो जास्त. त्याच्याकडे दोघी जाऊ. बाबांचंही घेऊन येईन, तेल-पाणी तरी होईल.

आणि निघायच्या आधी सासूबाईंना एक विचारून ठेव, सासरे रोज चावी कधी द्यायचे. आंघोळीआधी, की रेडिओवर बातम्या लागल्या की?