आपले ताट आणि कर्करोग



मिस्सेत आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना कर्करोगाच्या रुग्णांची नावे आता वरचेवर ऐकू येतात. मग बाहेर अंगणात हमखास प्रश्न निघतो : काय खाल्ले म्हणजे हा रोग होत नाही? सरळ उत्तर असे की, तसा एकही पदार्थ नाही. हळद नाही, लसूण नाही, गव्हांकुराचा रसही नाही. आयुष्यभर भाजी-भाकरी खाल्लेल्यांनाही कर्करोग होतो. म्हणून रुग्णाच्या घरी जाऊन “तुम्ही खात तरी काय होता?” असे विचारू नये. आहाराने धोका कमी होतो, संपत नाही. पण कमी होतो हेही थोडे नाही.

त्यासाठी आपल्याला लांब जावे लागत नाही. ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी आपल्या आजीच्या ताटात रोज असे. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात, पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम 3 ग्रॅम. या तंतूंमुळे पोट साफ राहते, मळ आतड्यात फार काळ साचत नाही आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका घटतो. आता पाहुणे आले की भाकरी लपवून मैद्याचे पदार्थ पुढे करतो, याचे आम्हाला नवल वाटते.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला निदान 400 ग्रॅम फळे व भाज्या खायला सांगते. बटाटा यात धरत नाहीत. जळगावची केळी जगभर जातात आणि आपली मुले डब्यात चिप्सचे पाकीट नेतात! दोन केळी, वाटीभर पालेभाजी, भरीत आणि कांदा-काकडी एवढ्यात हिशेब जवळजवळ पुरा होतो. भरताचे वांगे भाजल्यावर जळकी साल मात्र नीट काढावी.

शेंगदाण्याबद्दल थोडे अधिक सांगतो. ओलसर जागी ठेवलेल्या शेंगा आणि मका यांना बुरशी लागते, आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृताच्या कर्करोगाचे सिद्ध झालेले कारण आहे. भाजल्याने ते पूर्ण जात नाही. काळे पडलेले, कडू, सुरकुतलेले दाणे चटणीत खपवू नयेत. ते गाईम्हशींनाही घालू नयेत, कारण ते विष दुधातून पुन्हा आपल्याच घरात येते.

मटणाला बंदी नाही, पण रोज नको. सॉसेज, सलामीसारखे टिकवलेले मांस कर्करोगकारक असल्याचे 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी जाहीर केले. उपवासकाळात शुक्रवारी मांस सोडायचे आणि शेवभाजीवर बोटभर तर्री घ्यायची, हेही शरीराला परवडत नाही. अति तेलाने वजन वाढते. लठ्ठपणाचा संबंध स्तन, गर्भाशय आणि आतड्याच्या कर्करोगाशी आहे. चहासुद्धा जीभ पोळेल असा पिऊ नये.

एवढे सारे पाळले आणि खिशात पुडी तशीच राहिली, तर सगळे व्यर्थ. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. तो कुठे मिळतो हे तरीही सर्वांना ठाऊक आहे. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे. आपल्या भगिनींपैकी कित्येक जणी दातांना मिश्री लावतात, तीही तंबाखूच. त्यावर दारूची भर पडली की तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, शौचातून रक्त गेले किंवा स्तनात गाठ लागली, तर आहार बदलून वाट पाहू नये, डॉक्टरांकडे जावे.

ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांना वरचे नियम लावू नयेत. त्यांना वजन टिकवायचे असते; अंडी, डाळ, दूध, जे डॉक्टर सांगतील ते त्यांनी खावे. त्यांच्या घरी डबा न्यायचा असेल तर आधी विचारून घ्यावे. तोंड आले असेल तर तिखट भरीत चालत नाही. मऊ खिचडी किंवा पातळ वरण न्यावे.