नोटरी झाली म्हणजे गाडी आपली झाली का?

प्रश्न : जुनी कार घेतोय. एजंट म्हणतो, “स्टँपवर नोटरी करू, गाडी नावावर नंतर होईल. कर्जही फिटलंय.” विश्वास ठेवावा का?
– एक वाचक, माजलगाव

उत्तर : नुसत्या नोटरीवर पैसे देऊ नका. मालक बदलतो तो आरटीओच्या नोंदीत. आपल्याकडे बीडची एमएच २३ आणि अंबाजोगाईची एमएच ४४ ही पासिंग आहेत. नंबर दुसऱ्या राज्यातला असेल, तर तिथल्या आरटीओची एनओसी आधी मागा.

एमपरिवहन अॅपवर मालक, विमा आणि कर्जाचा बोजा तपासा. थकीत दंड ई-चलानच्या संकेतस्थळावर पाहा. चेसिस व इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचून आरसीशी जुळवा. कर्ज फिटल्याचं तोंडी सांगणं पुरेसं नाही. बँकेची एनओसी आणि नमुना ३५ हातात हवा. बोजा कायम असेल, तर फायनान्सवाले गाडी तुमच्या दारातून नेऊ शकतात.

नमुना २९ आणि ३० वर खुद्द मालकाची सही घ्या. रक्कम एजंटाला नको, आरसीवरच्या मालकाच्या खात्यावर भरा. ३० दिवसांत नावबदलाचा अर्ज करा; विमा मात्र १४ दिवसांतच नावावर करायला टाका.

विकणाऱ्यानंही हे जपावं. नोंदीत नाव ज्याचं, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिला आहे.

ऑनलाइन फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर फोन करा.